पहिल्या वर्षाची खोली: इंजिनिअरिंगसाठी यवतमाळला येताना

सीईटीचा स्कोअर आला, कॅपच्या फेऱ्या सुरू झाल्या, की घरात दोनच गोष्टींची चर्चा असते: कॉलेज कोणतं आणि ब्रँच कोणती. राहायचं कुठे, हे मात्र रिपोर्टिंगच्या आदल्या दिवशी आठवतं. मग गाडीवर दोन चकरा मारायच्या आणि मिळेल ती खोली धरायची. आज आपण या मागे राहिलेल्या प्रश्नाबद्दल बोलू.

प्रश्न लहान नाही. १९०१ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृह सुरू केलं, कारण खेड्यातल्या मुलाला शिकायचं तर आधी राहण्या-जेवण्याची सोय लागते. आपल्या जिल्ह्यातही तेच आहे. वणी, झरी-जामणी, उमरखेडकडची मुलं यवतमाळला येतात, काही पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयात जातात. आणि प्रवेशाचे दिवस कोणते? पावसाळ्याचे. पैसा पेरणीत गेलेला असतो आणि कापूस घरात यायला दिवाळी उजाडते. म्हणून भाडं आणि डिपॉझिटचा हिशेब आधी मांडायला हवा.

पहिली गोष्ट, घाई कुठे करू नये. कॅपमध्ये मिळालेली जागा तुम्ही फ्रीझ केली नसेल आणि बेटरमेंटसाठी पुढच्या फेरीत जाणार असाल, तर कॉलेज बदलू शकतं. जागा पक्की होईपर्यंत वर्षाचं भाडं एकदम भरू नका. मधेच सोडलं तर डिपॉझिटमधले किती परत मिळणार, हे घरमालकाला किंवा हॉस्टेलच्या ऑफिसला आधीच विचारा आणि लिहून घ्या. पावती घ्यायचीच.

आता पर्याय बघू. तीन आहेत: हॉस्टेल, भाड्याची खोली आणि घरून जाणं-येणं.

कळंब किंवा दारव्ह्याच्या मुलाला वाटतं, एसटी आहे, पास आहे, खोली कशाला? विद्यार्थी पासला मोठी सवलत असते, दहा दिवसांच्या भाड्यात महिना निघतो. पण वेळ मोजा. समजा जायला-यायला मिळून अडीच तास लागतात. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर साठ तास झाले. पहिल्या वर्षाला गणित असतं, ड्रॉइंगच्या शीट असतात, प्रॅक्टिकलचे जर्नल असतात. प्रॅक्टिकल लांबलं की शेवटची गाडी चुकते. हे साठ तास परवडतात का, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण पास स्वस्त आहे एवढ्यावर ठरवू नये.

खोलीचंही तसंच. समजा गावातली खोली दोन हजारांची आणि कॉलेजजवळची अठ्ठावीसशेची. गावातली स्वस्त वाटते. पण रोजचे चाळीस रुपये ऑटोचे धरले तर चोवीस दिवसांचे नऊशे साठ होतात. म्हणजे स्वस्त खोली २,९६० ला पडली. लोहाऱ्याच्या एमआयडीसी भागातल्या दर्डा इंजिनिअरिंग कॉलेजसारखी संस्था असेल, तर हा हिशेब करूनच खोली बघावी.

आणि यवतमाळला पाण्याचं विचारल्याशिवाय खोली घ्यायची नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी तळ गाठला होता आणि शहराला टँकरची वाट बघावी लागली होती. आपण खोली बघतो पावसाळ्यात, तेव्हा सगळीकडे पाणी असतं. परीक्षा असते उन्हाळ्यात. म्हणून विचारा: बोअर आहे का, मे महिन्यात चालते का, टाकी केवढी आहे? घरमालकापेक्षा आधीपासून राहणाऱ्या मुलांना विचारलेलं बरं. खोलीत ड्रॉइंग शीट पसरता येईल एवढं टेबल मावतं का, हेही बघा.

हॉस्टेलचा फायदा असा, की अडलेलं गणित विचारायला शेजारी कोणीतरी असतं. भीती असते रॅगिंगची. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. यूजीसीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे नव्या विद्यार्थ्यांना शक्य तिथवर वेगळ्या इमारतीत ठेवायचं असतं. तेव्हा वॉर्डनना सरळ विचारा: पहिल्या वर्षाची मुलं वेगळी राहतात का, रात्री वॉर्डन तिथेच असतात का? हेल्पलाइनचा नंबर १८००-१८०-५५२२ मुलाच्या आणि आई-वडिलांच्या, दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.

शेवटी पैशाचं. शासकीय वसतिगृहाचा अर्ज कॉलेजच्या प्रवेशापेक्षा वेगळा असतो, तो विसरू नका. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार, अशा योजना आहेत. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. स्वाधारमध्ये यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये ठरले: जेवणाचे २५,०००, राहण्याचे १२,००० आणि निर्वाहाचे ६,०००. म्हणजे राहण्याचे महिन्याला हजार. भाडं त्याच्या वर गेलं की फरक घरून द्यावा लागतो. हा पैसा अर्ज मंजूर झाल्यावर खात्यात येतो, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या भाड्यासाठी तो धरू नका. हजेरीची अट असते, भाड्याचा कागद लागतो. ती पावती इथे कामाला येते.

तर मंडळी, खोली बघायला जाताना कागदावर चार आकडे लिहा: भाडं, जेवण, येण्या-जाण्याचा खर्च आणि वेळ. पाण्याचं विचारा. आणि मुलगा असो की मुलगी, तिला-त्याला सोबत न्या. वर्षभर त्या खोलीत राहायचं त्यांना आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.