नाकेबंदीतला संसार

इराणवर लादलेल्या आर्थिक निर्बंधांच्या बातम्या आपण गेली कित्येक वर्षे वर्तमानपत्रांत वाचीत आलो आहोत. आकडे वाचतो, करारांची नावे वाचतो आणि पान उलटतो. नाकेबंदी झालेल्या देशातला एखादा शाळामास्तर महिन्याचा जमाखर्च कसा जुळवीत असेल, हे त्या बातम्यांतून कळत नाही. इराण परका वाटतो, हेही त्याचे एक कारण असेल. वस्तुतः तो तितका परका नाही. सोलापुरी चादर आपल्या घरोघर आहे आणि ‘चादर’ हा शब्द फार्सी आहे. ज्या डाळिंबाने आपल्या जिल्ह्याचे नाव दूरवर नेले, त्याचे मूळ घरही इराणच्याच बाजूला. तरीसुद्धा हा विषय समजून घेण्यासाठी आम्ही श्रोत्यांना आरंभी तेहरानला नेणार नाही. एका रात्रीच्या प्रवासाने जेथे पोचता येते त्या गोव्यात नेणार आहोत. कारण १९५४ ते १९६१ या काळात गोव्याची आर्थिक कोंडी झाली होती आणि ती कोंडी करणारे आपणच होतो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगून टाकू. इंग्रज गेले, फ्रेंचांनीही पाँडिचेरी सोडली. परंतु १५१० पासून गोव्यात बसलेला पोर्तुगीज हलावयास तयार नव्हता. लिस्बनमध्ये सालाझार यांची हुकूमशाही होती आणि गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच एक प्रांत आहे, असा त्यांचा हट्ट होता. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा व नगरहवेली मुक्त झाली. त्याच साली भारताने गोव्याशी होणाऱ्या येण्याजाण्यावर परवान्याचे निर्बंध घातले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गेले, त्यांच्यावर गोळीबार झाला, वीसाहून अधिक माणसे मारली गेली. त्यानंतर वकिलाती बंद झाल्या, कॅसलरॉकवरून खाली उतरणारी आगगाडी थांबली आणि व्यापाराचे दार लागले. सैन्य पाठवावयाचे नाही, पण स्वस्थही बसावयाचे नाही, अशा वेळी सरकारच्या हाती जे शस्त्र उरते ते हे. आपला पक्ष न्यायाचा होता, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. प्रश्न आहे तो हे शस्त्र लागले कोणाला, हा.

ज्या गावाच्या मातीत ‘मालदांडी ३५-१’ ही ज्वारी निवडली गेली, तेथील श्रोत्यांना सांगावयास नको की, कोंडीत सापडलेल्या मुलखाचा पहिला प्रश्न धान्याचा असतो. गोव्याला आपल्या शेतातला तांदूळ वर्षभर पुरत नसे. भाजीपाला घाटावरून जाई. उलट गोव्याचे नारळ, सुपारी, काजू, मीठ, मासळी हा माल भारताच्या बाजारात येई. कोंडीने ही दोन्ही तोंडे एकदम बंद केली. मिठागरवाल्याचे गिऱ्हाईक गेले, बागाईतदाराचे नारळ आवारात पडून राहू लागले.

याहून खोल घाव तिसऱ्याच जागी होता. गोव्याची वस्ती तेव्हा सहा लाखांच्या आसपास, आणि एकट्या मुंबईत पोटासाठी राहणारे गोवेकर लाखाच्या घरात. कोणी जहाजावर खलाशी, कोणी आचारी, कोणी वादक, कोणी कारकून. गावोगावची मंडळी मुंबईत आपापली ‘कूड’ चालवीत. तेथे बिऱ्हाड करून राहत आणि महिन्याला घरी पैसे धाडीत. साष्टी-बारदेशातल्या कितीतरी घरांची चूल त्या पैशावर पेटे. कोंडीत या पैशावरही बंधने आली. मुलगा मुंबईत कमावतो आहे, आई गोव्यात वाट पाहते आहे, आणि मध्ये आपलेच सरकार उभे आहे, असा हा देखावा होता. सालाझारसाहेबांच्या ताटातला एक घास त्याने कमी झाला नाही.

आता गंमत पाहा. कोंडी झाली म्हणून गोव्याची बाजारपेठ ओस पडली काय? मुळीच नाही. बटाटे हॉलंडहून येऊ लागले, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून, पोलाद बेल्जममधून. बेळगाव हाताच्या अंतरावर असताना पणजीच्या गृहिणीने डच बटाट्याची भाजी चिरावी, हा इतिहासाने केलेला विनोदच म्हणावयाचा. १९५५ मध्ये दाभोळीला विमानतळ उभा राहिला आणि कराचीला विमाने जाऊ लागली. पुढे १९५९ मध्ये गोव्याचा जुना ‘रुपिया’ जाऊन लिस्बनचा ‘एस्कुदो’ आला. गोव्याला लिस्बनपासून तोडावे हा कोंडीचा हेतू. व्यवहारात गोवा लिस्बनला अधिकच जखडला गेला.

एवढ्या परदेशी मालाची किंमत कशातून चुकती होत होती? लोखंडाच्या खनिजातून. खाणींतला माल पडावांतून मांडवी-जुवारीच्या पात्राने मुरगावला जाई आणि तेथून जपान, पश्चिम जर्मनीकडे. १९५० च्या सुमारास काही लाख टनांत मोजली जाणारी ही निर्यात १९६१ पर्यंत साठ लाख टनांच्या वर गेली. जपानच्या भट्ट्यांना खनिज हवे होते, त्यामुळे ही वाढ एरवीही झाली असती. परंतु नारळ-मिठाची वाट बंद झालेल्या मुलखात या एकाच धंद्याचे वजन अतोनात वाढले. दुसरा धंदा चोरट्या मालाचा. सोने, घड्याळे, परदेशी दारू गोव्यात उतरे आणि रातोरात सीमेपार होई. मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी होती. दिवसा गोवामुक्तीच्या सभेला टाळ्या देणाऱ्या आपल्यापैकी किती मनगटांवर गोव्याकडून आलेले घड्याळ होते, याची मोजदाद कोणी केलेली नाही. न केलेली बरी.

तेव्हा कोंडीने समाज उपाशी मरतोच असे नाही. तो आतून पालटतो. बागाईतदार, मिठागरवाला, मनिऑर्डरीवर जगणारी म्हातारी हे खाली जातात. खाणीचा परवानेदार, आयातीचा मक्तेदार आणि तस्कर वर येतात. आणि ज्याला नमवावयाचे तो राज्यकर्ता जागचा हलत नाही. डिसेंबर १९६१ मध्ये, १७ तारखेच्या रात्री निघालेल्या भारतीय सैन्याने १९ तारखेपर्यंत गोवा मोकळा केला. सात वर्षांच्या कोंडीने जे झाले नव्हते ते दोन दिवसांत झाले.

आता इराणकडे वळू, आणि वळण्यास वाटही गोव्याचीच सापडते. इराणी आखाताजवळच्या आबादान येथे अँग्लो-इराणियन ऑइल कंपनीचा प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना होता आणि तेथील नोकरवर्गात गोवेकरही होते. १९५१ मध्ये पंतप्रधान मोसद्दिक यांनी तेलधंद्याचे राष्ट्रीयीकरण केले. ऑक्टोबरात ब्रिटिश कर्मचारी आबादान सोडून गेले आणि इराणचे तेल जगात कोणी उचलू नये असा बंदोबस्त ब्रिटनने केला. तेलाची विक्री जवळजवळ थांबली. ऑगस्ट १९५३ मध्ये ब्रिटिश व अमेरिकन हेरखात्यांच्या साहाय्याने मोसद्दिक यांना पदच्युत करण्यात आले. कोंडी यशस्वी झाल्याचे असे उदाहरण इतिहासात आहे खरे. पण तिने पाडला तो लोकांचा पंतप्रधान, आणि बळकट केली ती शहाची सत्ता. इराणी माणूस परकीय दडपणाचे नाव काढताच सावध का होतो, त्याचे मूळ येथे आहे.

त्यानंतरच्या निर्बंधांची कहाणी १९७९ पासूनची. क्रांती झाली, अमेरिकन वकिलातीतील माणसे ओलीस धरली गेली, अमेरिकेने इराणच्या ठेवी गोठवल्या. अणुकार्यक्रमाच्या वादातून २००६ पासून संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले. २०१२ मध्ये युरोपने तेल घेणे थांबवले आणि इराणी बँकांना जगाच्या निरोपव्यवस्थेतून काढून टाकण्यात आले. २०१५ च्या कराराने सुटकेचा श्वास मिळाला. मे २०१८ मध्ये अमेरिका त्यातून बाहेर पडली. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निर्बंधही पुन्हा लागू झाले.

बँकेची ही गाठ मुख्य आहे, म्हणून ती सोडवून सांगतो. समजा, सोलापूरच्या कारखानदाराने तेहरानच्या व्यापाऱ्यास टॉवेल विकले. टॉवेलावर कोणाचाच राग नाही. परंतु पैसे यावयाचे ते बँकेमार्फत, आणि ज्या बँकेचा अमेरिकेशी व्यवहार आहे ती या भानगडीत पडू इच्छित नाही. जहाजाचा विमाही कोणी उतरवीत नाही. माल मोकळा, पण पैशाची वाट बंद. औषधांचे हेच झाले. निर्बंधांच्या कायद्यात औषधांना सूट आहे. तथापि पैसेच पोचत नसल्याने थॅलसेमिया, हिमोफिलिया अशा आजारांच्या रोग्यांना कागदावरची सूट पुरली नाही.

मध्यमवर्गाचे हाल चलनाने केले. २०१५ मध्ये बाजारात एका डॉलरला तीस-पस्तीस हजार रियाल पडत. २०१८ च्या अखेरीस लाखाच्या वर गेले आणि मार्च २०२५ मध्ये दहा लाखांचा आकडा ओलांडला गेला. डिसेंबर २०१० पासून सरकार दर माणशी ४ लाख ५५ हजार रियाल महिन्याला रोख देऊ लागले, तेव्हा त्यांचे सुमारे ४५ डॉलर होत. तेवढ्याच रियालांचे २०१८ च्या अखेरीस चार-साडेचार डॉलर राहिले. पगारदार, निवृत्त शिक्षक, थोडी शिल्लक टाकून मुलीला विद्यापीठात शिकवू पाहणारा दुकानदार यांनी पै-पै करून ठेवलेले डोळ्यांदेखत वितळले.

आणि वर कोण आले? तेथेही ओळखीचेच चेहरे. क्रांतिरक्षक दलाच्या मालकीचे उद्योग, ‘बुनियाद’ नावाचे कर न देणारे मोठाले न्यास, तेलाची आडमार्गाने विक्री लावून देणारे दलाल. त्याच व्यवस्थेच्या तळाशी पश्चिम सीमेवरचे कुर्द ‘कोलबर’ आहेत. इराकमधून टायर, सिगारेटी, दूरचित्रवाणीचे संच पाठीवर घेऊन बर्फातून डोंगर उतरावयाचा आणि पहारेकऱ्याच्या गोळीला चुकवावयाचे, हा त्यांचा रोजगार. गोव्याच्या सीमेवरचा रात्रीचा ओझेवाला आणि हा कोलबर यांच्यात भाषेचाच काय तो फरक.

एक भेद मात्र नजरेआड करून चालणार नाही. इराणी माणसाच्या जात्याच्या दोन्ही तळी जड आहेत. वरची परकीयांची, खालची घरच्या सत्तेची. २०१९ मध्ये पेट्रोलचे दर वाढले तेव्हा, आणि २०२२ मध्ये महसा अमिनी या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला तेव्हा लोक रस्त्यावर आले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या त्यांच्याच सरकारने. प्रत्येक दुखण्याचे खापर निर्बंधांवर फोडता येते, ही सोय निर्बंधांनीच त्या सरकारला करून दिली, असे आमचे मत आहे.

आपला देश या व्यवहारात आज कोठे आहे? एकेकाळी कोंडी करणारे आपण, दुसऱ्याने घातलेल्या कोंडीत तडजोड करीत आलो. २०१२ पासून इराणी तेलाच्या किमतीचा काही भाग कोलकत्याच्या युको बँकेत रुपयांत जमा होऊ लागला आणि त्या रुपयांतून इराण आपला बासमती, चहा, साखर घेई. मे २०१९ मध्ये अमेरिकेने सवलत काढून घेतली व भारताने इराणचे तेल घेणे थांबवले. खात्यात नवे रुपये पडेनात. शिल्लक होते तोवर तांदूळ गेला. ती सरत आली तशी तेहरानची मागणी असूनही इकडच्या व्यापाऱ्यांनी उधारीवर माल भरण्यास नकार दिला.