शॉर्ट क्रीकचा छापा

२६ जुलै १९५३. बहुपत्नीत्व मोडून काढायला अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या पोलिसांनी ते पाळणाऱ्या एका पंथाच्या शॉर्ट क्रीक गावावर पहाटे छापा घातला. गव्हर्नर हॉवर्ड पाइल यांनी पत्रकारांनाही सोबत येऊ दिलं. पण बायका-मुलांची ताटातूट दाखवणारे फोटो छापून आले आणि लोकमत सरकारवरच उलटलं. पुढच्याच वर्षी पाइल निवडणूक हरले. ताब्यात घेतलेल्या मुलांपैकी कित्येक दोन वर्षं घरी परतली नाहीत. त्यांच्याबद्दलची हळहळ मात्र तेवढी टिकली नाही. सरकारला छाप्यांचा धसका बसला आणि त्या पंथात अल्पवयीन मुलींची लग्नं पुढेही लागत राहिली. या पंथावरच्या आजच्या मालिकाही मुलींच्या साक्षीपेक्षा त्यांच्या लांब झग्यांवर जास्त रेंगाळतात, हे चीड आणणारं आहे. अल्पवयीन मुलींच्या अशा लग्नांपायी पंथप्रमुख वॉरेन जेफ्सला जन्मठेप झाली ती थेट २०११ मध्ये.