रुंद रस्ता, अरुंद दरवाजा

सुट्टीच्या दिवशी छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालेली बस दौलताबादच्या दिल्ली दरवाजाशी हमखास अडकते. कमानीतून एका वेळी एकच मोठं वाहन जातं. समोरची बस आरसे सांभाळत बाहेर पडेपर्यंत मागे रांग लागलेली असते. ‘रस्ता रुंद करा की झालं,’ असं बसमधलं कुणीतरी म्हणतंच.

गैरसमज : रस्ता रुंद केला की कोंडी सुटते.

वस्तुस्थिती : किती वाहनं जातील, हे सर्वांत अरुंद जागा ठरवते. दरवाजाच्या दोन्ही बाजूंना चार लेन केल्या तरी कमानीतून जातील तेवढीच. रांग फक्त जाडजूड होईल. शिवाय कोंडीला अरुंद जागाच लागते असंही नाही. जपानमध्ये २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ मोटारी फिरवून पाहिल्या. सिग्नल नाही, खड्डा नाही, तरी कोंडी झालीच. पुढच्याने वेग जरा कमी केला की मागचा ब्रेक दाबतो, त्याच्या मागचा आणखी जोरात. हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला.

गैरसमज : वळण आणि चढ नियमात बसले की डिझाइन पक्कं.

वस्तुस्थिती : हे नियम मुख्यतः एकट्या वाहनाचा हिशेब करतात. ताशी १०० किलोमीटर वेगाला थांबण्यासाठी १८० मीटरपर्यंतचा रस्ता दिसावा, हे इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक. पण कन्नडच्या औट्रम घाटासारख्या चढावर भरलेला ट्रक रांगत असेल, तर त्याच्यामागे किती गाड्या तुंबतील? ते संगणकावरच्या वाहतुकीच्या मॉडेलमध्ये दिसतं. ट्रकचं प्रमाण वाढवून, चढाला जादा लेन देऊन आधीच पाहता येतं.

गैरसमज : ‘समृद्धी’ महामार्गाचं डिझाइन ताशी १५० किलोमीटरचं, म्हणजे गाडी १५०ने पळवायला हरकत नाही.

वस्तुस्थिती : सपाट भागातली वळणं त्या वेगाला आखली आहेत, मोटारींची मर्यादा मात्र १२०. त्या वेगातही धोका ओळखून ब्रेक दाबेपर्यंतच्या अडीच सेकंदांत गाडी ८३ मीटर पुढे जाते.

गैरसमज : मॉडेल परदेशी, आपल्याकडे कुचकामी.

वस्तुस्थिती : जसंच्या तसं वापरलं तर खरंच कुचकामी. संभाजीनगरच्या जालना रोडवर दोन रिक्षांमधून दुचाकी वाट काढते, लेन नावालाच असते. म्हणूनच केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०१७ मध्ये भारतीय वाहतुकीसाठी स्वतंत्र क्षमता-पुस्तिका तयार झाली. मॉडेलमधली रांग आणि रस्त्यावर मोजलेली रांग जुळली, तरच त्याच्या उत्तरावर भिस्त ठेवावी.

त्यामुळे नव्या उड्डाणपुलाचं देखणं चित्र समोर आलं की नागरिकांनी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात : वाहनांची मोजणी कोणत्या दिवशी झाली, आणि पूल उतरल्यावर पुढच्या चौकात रांग किती लांब लागेल?