पवनेच्या खालच्या अंगाचं पिंपळे सौदागर

पवना नदी पिंपरी ओलांडून दापोडीकडे निघते, तिथे तिच्या पलीकडच्या काठावर पिंपळे सौदागर आहे. पिंपळे गुरव, पिंपळे निलख आणि हे, अशी तीन पिंपळे. कोकणे चौकापासून कुणाल आयकॉन रस्त्यापर्यंत आता सोसायट्यांच्या उंच इमारती आहेत, शिवार चौकात शिवार उरलेलं नाही. पण जुन्या गावठाणात शिरलं, की हे शेतकऱ्यांचं गाव होतं हे गल्ल्यांच्या रुंदीवरूनच कळतं. आजचा रहिवासी हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत किंवा भोसरी-चाकणच्या कारखान्यांत कामाला जातो. त्याचा साहेब पुष्कळदा परदेशात बसलेला असतो. आणि त्याच्या घरातलं पाणी येतं पवन मावळातून, म्हणजे पवनेच्या वरच्या खोऱ्यातून. तिथल्या पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीच्याच पात्रातून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत वाहत येतं, तिथून उपसून निगडीच्या शुद्धीकरण केंद्रात जातं, मग उंच टाक्यांत आणि शेवटी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत. नोव्हेंबर २०१९पासून पिंपरी-चिंचवड महापालिका दिवसाआड पाणी सोडते, त्यामुळे आज पाण्याचा दिवस आहे की नाही, हे इथल्या घराघरांत माहीत असतं. ते जिथून येतं त्या गावांचं कसं चाललं आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

या उपनगराची ओळख करून देताना रोटरीसारख्या सेवा क्लबांचा विषय काढायचा तो याच कारणाने. परदेशातला एखादा रोटरी क्लब आपल्याकडच्या गरीब गावाशी वर्षानुवर्षं नातं ठेवतो, तेव्हा मधला दुवा लागतो तो अशाच वस्तीतल्या माणसांचा. रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँटची रचनाच तशी आहे: एक क्लब किंवा प्रांत प्रकल्पाच्या देशातला, दुसरा बाहेरच्या देशातला, अंदाजपत्रक किमान ३० हजार डॉलरचं, आणि अर्जाआधी गावाच्या गरजांची पाहणी केलेली. पुणे आणि रायगड जिल्ह्यांतले क्लब प्रांत ३१३१मध्ये येतात. पिंपरी, चिंचवड, निगडीला क्लब आहेत, माणसं शिकलेली आहेत, परदेशाशी पत्रव्यवहार त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. माझं म्हणणं असं, की या पट्ट्यातल्या क्लबांनी लांबचं गाव शोधत बसू नये. ज्या खोऱ्याचं पाणी आपण पितो त्याच खोऱ्यातली दोन-चार गावं धरावीत आणि किमान दहा वर्षं सोडू नयेत. यात उपकार नाही, देणं आहे. धरण १९७२च्या सुमारास उभं राहिलं. त्यात जमिनी गेलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही.

दहा वर्षं कशासाठी, याचं उत्तर हातपंपाच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास बराचसा महाराष्ट्रातच घडला. १९६०च्या दशकातल्या दुष्काळानंतर परदेशी मदतीने खेडोपाडी बोअर घेतल्या गेल्या आणि त्यांवर बिडाचे पंप बसवले गेले. ते पंप युरोप-अमेरिकेतल्या एका शेतकरी घराला पुरतील अशा नमुन्यांच्या नकला होत्या. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव त्यांच्या दांड्याला लटकलेलं. खिळी झिजल्या, दांडे मोडले. १९७४च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली तेव्हा जवळजवळ तीन चतुर्थांश पंप बंद आढळले. देणाऱ्याच्या मनात खोट नव्हती आणि पैसाही कमी पडला नव्हता. पंप बसवून झाल्यावर तिथे कोणी थांबलं नाही, एवढंच. जे थांबले त्यांच्याकडून उत्तर आलं. जालन्यात स्कॉटलंडच्या मिशनची माणसं मुक्काम करून होती, त्यांच्या कामातून जालना पंप निघाला. सोलापुरात त्याच वाटेने पुढे जाऊन सोलापूर पंप झाला आणि त्याच्या आधारावर इंडिया मार्क टू तयार झाला, जो पुढे आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत पोहोचला. परदेशी मदत कधी टिकते, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. मोडलेल्या पंपाजवळ उभं राहून तो का मोडला हे विचारणारा माणूस तिथे असावा लागतो, आणि पंप मोडायला वर्ष-दोन वर्षं जावी लागतात.

इथेच सेवा क्लबांची खरी अडचण आहे. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि अध्यक्ष बारा महिन्यांनी बदलतो. नव्या अध्यक्षाला स्वतःचं काहीतरी करून दाखवायचं असतं. मग वह्यावाटप, शिबिर, फलक, फोटो, आणि पुढच्या जुलैला दुसरं गाव. त्यातही जुलै म्हणजे मावळात भातलावणीचे दिवस. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाईला गरजांच्या पाहणीसाठी शाळेत बोलावणं हे तिच्या मजुरीवर घाला घालणं आहे. संस्थेचा स्वभावच असा, तिथे दीर्घ भागीदारी कशी जमणार, असं कोणी म्हणेल. पण पोलिओचं काम याच संस्थेने १९८५ साली हाती घेतलं, भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये सापडला आणि देश पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मार्च २०१४मध्ये मिळालं. मधल्या काळात जवळपास तीस अध्यक्ष बदलले तरी धागा तुटला नाही, कारण त्या कामाची समिती वेगळी होती, निधी वेगळा होता आणि त्यावर कोणा एका वर्षाचं नाव नव्हतं. गावाच्या कामालाही हेच करता येईल. १९८६पासून रोटरीकडे ग्रामदलाची कल्पना आहे, रोटरीचे सदस्य नसलेल्या गावकऱ्यांनीच चालवायच्या गटाची. आज तिला रोटरी कम्युनिटी कोअर म्हणतात. ती कागदावर न ठेवता ग्रामसभेला जोडली, तर अध्यक्ष बदलल्याने गावाचं काही अडणार नाही.

पाणी, शाळा, दवाखाना हे सरकारचं काम आहे, क्लबांनी त्यात पडून सरकारला मोकळं करू नये, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. तो मान्य करूनच काम ठरवावं लागेल. सरकारी योजनेची टाकी असेल तिथे दुसरी टाकी बांधू नये. पंप दुरुस्त करायला गावातल्या दोघी-तिघींना शिकवावं, पाण्याची तपासणी करून अहवाल ग्रामपंचायतीत मांडावा, योजना रखडली तर पाठपुराव्याला बरोबर जावं. याला पैसा थोडा आणि माणूस जास्त लागतो. दुसरा आक्षेप जिव्हारी लागणारा आहे: मावळ आणि शहर यांच्यात पाण्यावरून रक्त सांडलेलं असताना ही भागीदारी कोण मानेल? ९ ऑगस्ट २०११ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तिघे शेतकरी गेले, त्यांत एक बाई होती. पाणी नदीतून न सोडता धरणातूनच नळाने नेलं, तर काठावरच्या शेतीने उपसायचं काय, ही त्यांची भीती होती. ती जखम अजून ओली आहे. म्हणूनच पिंपळे सौदागरच्या माणसाने तिथे भेटवस्तू घेऊन जाऊ नये, आधी ऐकायला जावं. जलवाहिनीवर त्याचं मत काही असो, पाणी वाचवण्याची जबाबदारी आपल्याही सोसायटीवर आहे, हे कबूल करून जावं. परदेशी क्लबालाही ही गोष्ट आधीच सांगावी. ती लपवून लिहिलेला अर्ज अर्धाच खरा.

काम उभं राहिलं की नाही, हे दहाव्या वर्षी गावातल्या पाणी समितीच्या वहीत दिसेल. डावीकडे घरांची नावं आणि महिन्याची पाणीपट्टी, उजवीकडे खर्च: वॉशर, वायर, मोटार भरून घेतल्याची मजुरी. जमेच्या बाजूला क्लबाचं नाव शेवटचं कोणत्या वर्षी आलं आहे आणि त्यानंतरची पानं कोणाच्या अक्षरात भरली आहेत, तेवढं पाहावं.