जिमखान्याचा चहा

लोकलने चर्नी रोडहून मरीन लाइन्सकडे जाताना समुद्राच्या बाजूला एकाला लागून एक मैदाने दिसतात. हिंदू जिमखाना, पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, कॅथलिक जिमखाना. लहानपणी ही नावे ऐकून मी वडिलांना विचारले होते, "बाबा, खेळालाही धर्म असतो का हो?" ते नुसते हसले. त्याचे उत्तर मला फार उशिरा मिळाले.

‘जिमखाना’ हा शब्द मोठा गमतीचा. मूळच्या ‘गेंदखाना’ला, म्हणजे चेंडूघराला, इंग्रजांनी जिम्नॅस्टिक्सचा ‘जिम’ चिकटवला असे कोशकार मानतात. शब्द असा मिसळला, माणसे मात्र मिसळली नाहीत. १८७५ मध्ये निघालेला बॉम्बे जिमखाना फक्त युरोपियनांसाठी होता. खरे तर पारशी मंडळींनी त्याआधीच, १८४८ मध्ये, ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला होता. पण त्यांना आणि हिंदू मुलांना उरलेल्या मोकळ्या मैदानावर खेळावे लागे. तिथेच साहेब लोक घोड्यांवरून पोलो खेळत आणि टापांनी खेळपट्टीची चाळण होई. अर्जविनंत्या झाल्या, वाद झाले. शापूरजी सोराबजी या पारशी खेळाडूने १८९७ मध्ये पुस्तक लिहून ही हकीकत नोंदवून ठेवली.

अखेर सरकारने समुद्रकाठी जागा दिल्या, पण समाजासमाजाला वेगवेगळ्या. पारशी जिमखाना १८८५ चा, हिंदू जिमखाना १८९४ चा. एक दार बंद होते म्हणून आणखी चार दारे झाली, आणि प्रत्येक दारावर वेगळी पाटी लागली. सामनेही तसेच. १९०७ पासून युरोपियन, पारशी व हिंदू यांची तिरंगी, १९१२ मध्ये मुसलमान संघ आल्यावर चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी.

पाटीच्या आतही पाट्या होत्याच. हिंदूंमध्ये गौड सारस्वत, क्षत्रिय, मराठा, गुजराती असे निरनिराळे क्लब होते. या सगळ्यांत चर्मकार समाजातल्या बाळू पालवणकरांनी कुठे जायचे? पुण्याला युरोपियनांच्या क्लबात ते खेळपट्टीची निगा राखत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करत. त्यांची फिरकी पाहून पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे झेलत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे.

पुढे ते मुंबईला हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम दोघेही होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे बंधू विठ्ठल यांना, १९२३ मध्ये.

धर्मवार सामने १९४६ मध्ये कायमचे थांबले. जिमखान्यांची नावे राहिली. पण कांगा लीगमध्ये पावसाळ्यात चिखल तुडवत याच मैदानांवर सगळ्या समाजांची मुले एका संघातून खेळतात. ते पाहिले की बरे वाटते.

पण मागच्या वर्षीची गोष्ट सांगतो. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये वॉचमनचा मुलगा कॅरम खेळायला येऊ लागला. हात मोठा छान त्याचा. काही सभासदांनी हरकत घेतली, "नियमात बसत नाही" म्हणाले. मुलाचे येणे बंद झाले. त्या बैठकीत मी हजर होतो आणि गप्प बसलो होतो. सभा संपल्यावर चहा आला. कप हातात घेतला आणि पालवणकरांचे मातीचे भांडे आठवले. तो चहा काही घशाखाली उतरला नाही.

खेळाला धर्म नसतो, जातही नसते. ती दारावरच्या माणसाला असते, आणि आमच्या दारावर त्या दिवशी मीच होतो. पुढच्या सर्वसाधारण सभेसाठी मी नियम बदलण्याचा ठराव लिहून दिला आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. शोधतो आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)