हाफ मॅरेथॉनची तयारी करताय? मग आधी हळू पळायला शिका

जोगेश्वरी (मुंबई) : पहाटे जोगेश्वरीहून आरे कॉलनीच्या दिशेनं पळत निघालेली माणसं आता काही नवलाची राहिली नाहीत. पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेले आपल्या सातारा जिल्ह्यातले लोकही त्यात असतात. कुणाची जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी चाललेली असते, कुणाची पावसाळ्यातल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनची. इकडं गावाकडंही भरतीची पोरं, शिक्षक, डेअरीला दूध घालून आलेले शेतकरी डांबरी रस्त्यावर पळताना दिसतात.

दोन्हीकडं एक गोष्ट मात्र सारखी. जो तो रोज जीव तोडून पळतो. मग महिना-दीड महिन्यात कुणाची नडगी ठणकते, कुणाचा गुडघा धरतो, कुणाला पळायचाच कंटाळा येतो आणि बूट कोपऱ्यात पडतात.

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. एवढं अंतर पेलायचं असेल तर आठवड्यातलं बहुतेक पळणं हळू, आरामात आणि मजेत झालं पाहिजे. ऐकायला हे उलटं वाटतं, म्हणून त्यामागचं कारण समजून घेऊ.

हळू म्हणजे किती हळू?

याला यंत्र लागत नाही. पळता पळता सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. ‘काय रे, कांदा काढला का? भाव काय मिळाला?’ असं विचारून, त्याचं उत्तर ऐकून परत बोलता आलं तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांवरच दम तुटत असेल तर वेग जास्त झाला. एकटे पळत असाल तर हरिपाठातल्या दोन ओळी मोठ्यानं म्हणून बघा.

आकड्यात सांगायचं तर, जो माणूस पूर्ण जोर लावून १० किलोमीटर ६० मिनिटांत पळतो, त्यानं हळू पळताना एका किलोमीटरला साधारण ७ ते साडेसात मिनिटं घ्यावीत. नवख्याला तेवढंही जमणार नाही. त्यानं चार मिनिटं पळावं, एक मिनिट चालावं. चढ आला की चालायला लाजू नये.

शरीरात काय घडतं?

शेतकऱ्याला हे लगेच कळेल. धो-धो पाऊस आला की पाणी ओढ्यानं वाहून जातं, वर माती घेऊन जातं. भिजपाऊस दोन दिवस लागला की पाणी जमिनीत मुरतं. हळू पळणं हा भिजपाऊस आहे.

हळू पण बराच वेळ पळाल्यानं हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त पुढं ढकलायची सवय लागते. स्नायूंभोवती रक्ताच्या बारीक केशवाहिन्या वाढतात. स्नायूंच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या छोट्या चुली असतात. ऑक्सिजन वापरून अन्नातून ताकद काढायचं काम त्या करतात. त्यांची संख्या आणि कामाची ताकद वाढते.

दुसरी गोष्ट इंधनाची. अंगात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, मोजकीच असते. जोरात पळालं की ती भराभर संपते. चरबीचा साठा मात्र सडपातळ माणसाकडंही भरपूर असतो. हळू पळताना शरीर चरबी जास्त वापरायला शिकतं. सव्वादोन-अडीच तास पळणाऱ्याला शेवटच्या पाच किलोमीटरला हीच शिकवण कामी येते.

तिसरी गोष्ट हाडांची. दम लवकर वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला महिने लागतात. छाती म्हणते पळ, नडगी म्हणते थांब. बहुतेक दुखापती या तफावतीतूनच होतात. नव्या गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी खोल नांगरटीला कुणी जुंपत नाही. स्वतःच्या पायांनाही तोच न्याय लावावा.

मोठे धावपटू काय करतात?

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंकडून आधी कित्येक आठवडे लांब पल्ल्याचं, दम न तुटणारं पळणं करून घ्यायचे. वेगाचा सराव त्यानंतर. त्यांचा शिष्य पीटर स्नेल ८०० मीटरसारख्या कमी अंतराच्या शर्यती पळायचा, तरी सरावात आठवड्याला १६० किलोमीटरच्या आसपास अंतर कापायचा. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्यानं सुवर्णपदक मिळवलं. पुढं नॉर्वेत काम करणारे अमेरिकी शास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंचा सराव तपासला. त्यातला सुमारे ८० टक्के सराव हलक्या जोराचा आणि २० टक्केच कष्टाचा निघाला.

आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आधी लांब पल्ल्याची धावपटू होती. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत तिनं सलग तीनदा पहिला नंबर काढला. त्यानंतर ती ३००० मीटर स्टीपलचेसकडं वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली. आधी पल्ला, मग वेग, हा क्रम इथंही दिसतो.

आठवडा कसा आखायचा?

सलग अर्धा तास पळता येणाऱ्या माणसासाठी सुरुवातीचा एक साधा आठवडा असा :

- मंगळवार : ५ किलोमीटर, गप्पा मारत
- गुरुवार : ६ किलोमीटर, त्यातले मधले ३ जरा जोरात
- शनिवार : ४ किलोमीटर, अगदी सावकाश
- रविवार : १० किलोमीटर, हळूहळू
- बाकीचे दिवस : आराम किंवा नुसतं चालणं

एकूण २५ किलोमीटर, त्यात जोराचे फक्त ३. रविवारचं अंतर दर आठवड्याला एखाद्या किलोमीटरनं वाढवायचं, दर चौथ्या आठवड्याला थोडं कमी करायचं आणि तीनेक महिन्यांत १६ ते १८ किलोमीटरपर्यंत न्यायचं. पूर्ण २१ सरावात पळालंच पाहिजे असं नाही.

दिवसभराचं कामही या हिशोबात धरावं. जोगेश्वरीत दिवसभर उभ्यानं काम करून लोकलच्या गर्दीतून आलेला माणूस आधीच थकलेला असतो. रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी धरून आलेला शेतकरीही तसाच. अशा दिवशी पळणं अर्ध्यावर आणलं किंवा झोप काढली तरी तयारी बिघडत नाही.

मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, अंग तापतं आणि त्याच वेगाला काळीज जास्त धडधडतं. तिथं गावाकडच्यापेक्षा आणखी हळू पळावं.

भरतीच्या पोरांनो, हे तुमच्यासाठीही

पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. म्हणून पोरं रोज ग्राउंडवर घड्याळ लावून तेवढंच अंतर जीव खाऊन पळतात. रोज परीक्षा दिली तर अभ्यास कधी करणार? आठवड्यातून दोन दिवस वेगाला द्या, बाकीचे दिवस ३० ते ४० मिनिटं हळू पळा. पाय टिकले तरच भरतीच्या दिवशी मैदानात उतरता येईल.

यात मजा कुठं आहे?

मजा हाच तर या पळण्याचा खरा फायदा. जोरात पळताना माणसाला फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो. हळू पळताना आरेतली झाडं दिसतात, पाखरं ऐकू येतात. गावाकडं कुणाच्या ज्वारीला कणसं आली, कुणाच्या विहिरीला पाणी किती, हे बघत जाता येतं. नवरा-बायको, बाप-लेक, दोन मित्र बरोबर पळू शकतात.

मोडता घालतो तो मोबाईल. ॲपमधला वेग ग्रुपवर टाकायचा म्हणून माणूस उगाच पळ काढतो. हळू पळायच्या दिवशी मोबाईल खिशात ठेवा, फक्त किती मिनिटं झाली ते बघा. रस्त्यावर कुणी ‘काय चाललंय का पळतंय?’ म्हणून हसलं तर हसू द्या. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी लोणंद, फलटण करत सुमारे २५० किलोमीटर जाते. सत्तरीतले वारकरीही ते अंतर चालतात. त्यात कुणी कुणाच्या पुढं जायची घाई करत नाही, म्हणून रोजचा मुक्काम गाठला जातो.

एवढं मात्र सांभाळा

- चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल किंवा घरात कुणाला हृदयविकार असेल तर सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना दाखवा.
- पळताना छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबा आणि दवाखाना गाठा.
- नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखत असेल तर पळणं बंद करून तपासून घ्या.
- रस्त्याच्या उजव्या बाजूनं पळा, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. ऊसतोडीच्या दिवसांत अंधारात ट्रॉल्या दिसत नाहीत, अंगावर उजळ रंगाचे कपडे हवेत.
- आरेतही बिबट्या आहे आणि आपल्या उसातही. झुंजुमुंजू झाल्याशिवाय एकट्यानं बाहेर पडू नका.

उद्या पळायला निघालात तर पहिले दहा मिनिटं मुद्दाम वाटतंय त्यापेक्षा हळू जा. घरी परतल्यावर अजून दोन किलोमीटर सहज पळालो असतो असं वाटलं, तर समजा त्या दिवसाचा सराव बरोबर झाला.