गुमास्ता परवाना म्हणजे फ्लॅट विकण्याचा परवाना नव्हे

‘शॉप अ‍ॅक्ट आहे, जीएसटी नंबर आहे, मुख्य रस्त्यावर ऑफिस आहे, आणखी काय हवे?’ बिल्डरच्या नव्या प्रकल्पातले फ्लॅट विकणाऱ्या एजंटांकडून हे उत्तर वारंवार ऐकू येते आणि ग्राहक तेवढ्यावर निर्धास्त होऊन टोकनची रक्कम देतात. पण यातला एकही कागद फ्लॅट विकण्याचा अधिकार देत नाही. शॉप अ‍ॅक्ट, म्हणजेच मुंबईकरांचे गुमास्ता लायसन, हा कामगारांच्या कामाचे तास, सुट्ट्या आणि सोयी यांविषयीचा कायदा आहे. 2017च्या नव्या कायद्यात तर थोडे कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेला नोंदणीही लागत नाही. ऑनलाइन सूचना दिली की पोच मिळते. जीएसटी नंबर कराच्या हिशेबापुरता. या कागदांसाठी एजंटला घरखरेदीतले काही कळते का, हे कोणीही तपासलेले नसते.

अधिकार येतो तो स्थावर संपदा कायदा, 2016 म्हणजे रेराच्या कलम 9मधून. नोंदणीकृत प्रकल्पातले घर बिल्डरकडून विकले जात असेल, तर त्यात मध्यस्थी करणाऱ्याला प्राधिकरणाची नोंदणी बंधनकारक आहे. महाराष्ट्रात हे काम महारेरा करते. अर्जासोबत व्यवसायाच्या पत्त्याचा पुरावा, पॅन, लेटरहेड आणि रबरी शिक्के यांचे नमुनेही द्यावे लागतात आणि नोंदणीचा क्रमांक मुख्य ऑफिसात व शाखांत ठळकपणे लावावा लागतो. थोडक्यात, ऑफिस असल्याने नोंदणी झाली असे होत नाही. नोंदणी झाल्याची खूण ऑफिसात दिसली पाहिजे. महारेराच्या जानेवारी 2023च्या आदेशाने प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होणेही सक्तीचे झाले.

‘मी विकत नाही, फक्त गाठ घालून देतो,’ हा बचावही टिकत नाही. मोबदला घेऊन कोणत्याही माध्यमातून ग्राहक आणि विक्रेता यांची ओळख करून देणारासुद्धा कायद्याच्या व्याख्येत एजंटच आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही त्यातून सुटत नाही. दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: वर्षानुवर्षे सचोटीने धंदा करणाऱ्या छोट्या माणसावर हा बोजा कशाला? नियमांत ठरलेले शुल्क एकट्या व्यक्तीसाठी पाच वर्षांचे 10,000 रुपये होते. एका फ्लॅटच्या दलालीपुढे ही रक्कम किरकोळ आहे. सचोटी परीक्षेने मोजता येत नाही, हेही मान्य. पण नोंदणीमुळे त्या माणसाचा पत्ता आणि पॅन प्राधिकरणाच्या दप्तरी राहतात, त्याला हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात आणि फसवणूक केल्यास नोंदणी रद्द होऊ शकते. सचोटीच्या एजंटला याचा त्रास नाही. उलट नोंदणी न करता धंदा करणाऱ्यापासून त्याला वेगळे ओळखता येते. कलम 62नुसार उल्लंघनासाठी दिवसाला 10,000 रुपये दंड होऊ शकतो आणि तो त्या मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. इतकी कडक तरतूद ज्या कामासाठी आहे, तिथे शॉप अ‍ॅक्टची पोच पुढे करणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

इतर गैरसमज थोडक्यात. नोंदणी कायमची असते? नाही, पाच वर्षांनी नूतनीकरण लागते. मोठे ऑफिस लागते? पत्त्याचा पुरावा लागतो, क्षेत्रफळाची अट नाही. रेराने 2 टक्के दलाली ठरवली आहे? कायद्यात कोणताही दर नाही. तो बोलूनच ठरतो, म्हणून लेखी घ्यावा. भाड्याच्या घरासाठीही नोंदणी लागते? कलम 9 विक्रीपुरते आहे. नोंदणी म्हणजे सरकारची हमी? मुळीच नाही, प्रकल्पाची कागदपत्रे स्वतंत्रपणे तपासावीच लागतात.

म्हणून पैसे देण्याआधी एजंटचा महारेरा क्रमांक मागा. तो ‘ए’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो. ‘पी’ने सुरू होणारा क्रमांक प्रकल्पाचा असतो, एजंटचा नव्हे. महारेराच्या संकेतस्थळावर नाव आणि मुदत जुळते का ते पाहा. क्रमांक द्यायला टाळाटाळ करणाऱ्या एजंटला टोकन देऊ नका, त्याचे ऑफिस कितीही मोठे असो.